आडवी ठेवावी, वर वजन ठेवावे

आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणाला माझ्याविषयी उगीच आदर वाटायला नको. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत ज्यांच्या घरी जुनी रेकॉर्ड वाकडी होऊन पडली असेल, त्यांनी तिचं कव्हर उलटं करून खालचा कोपरा बघावा. तिथं जांभळ्या शाईचा शिक्का असला, तर ती वाकडी करणारा माणूस मी.

सांगलीत माझं रेडिओ दुरुस्तीचं आणि रेकॉर्ड विक्रीचं दुकान होतं. आता तिथं माझा पुतण्या मोबाईलची कव्हरं विकतो आणि माझ्यापेक्षा बरं चालवतो. दुकान नवं होतं तेव्हा मला वाटायचं, गिऱ्हाइकाला नुसती वस्तू काय कुणीही देईल, आपण सोबत ज्ञानही द्यावं. ज्ञान द्यायची ही खोड मला लहानपणापासून आहे, आमच्या सौ. कुसुमला विचारा. तर मी एक रबरी शिक्का करून आणला आणि विकलेल्या प्रत्येक रेकॉर्डच्या कव्हरवर तो मारायला लागलो. त्यावर दुकानाच्या नावाखाली तीन ओळी होत्या: ‘तबकडी आडवी ठेवावी. वर जड वस्तू ठेवावी. म्हणजे सरळ राहील.’

तिसरी ओळ वाचली की आजही माझे कान गरम होतात. काय तो आत्मविश्वास!

यातलं अर्धं ज्ञान माझ्या वस्तादांचं. ते लाखेच्या रेकॉर्डींच्या जमान्यातले. ती रेकॉर्ड कडक, पडली की तुकडे. म्हणून ती फळीवर आडवी निजवायची, असं ते सांगायचे. पण माझ्या दुकानात आल्या प्लॅस्टिकच्या. त्या पडल्या तरी फुटत नाहीत, मात्र उष्णतेनं मऊ पडतात, आणि मऊ पडल्यावर जसा दाब येईल तशा बसतात. एका बाजूला जास्त वजन आलं की त्या बाजूला झुकल्या. पत्र्याखालच्या खोलीत एक उन्हाळा काढला की संपलं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आणि वजनाची भर? ती माझी स्वतःची. आमची आई ओले पापड वाळताना वाकडे होऊ नयेत म्हणून त्यावर लाकडी पाट ठेवायची. मी म्हटलं, पापडाला चालतं ते रेकॉर्डला का नाही चालणार?

पहिला झटका पाटणच्या एका सुभेदारांनी दिला. फौजेतून निवृत्त झालेले, मिशा ताठ, बोलणं त्याहून ताठ. माझ्याकडून त्यांनी डझनभर रेकॉर्डी नेल्या होत्या. दोन उन्हाळ्यांनी ते दुकानात आले आणि सगळ्या काउंटरवर मांडल्या. एकही सरळ नव्हती. कुणी कडेनं लाटेसारखी, कुणी मधोमध फुगलेली.

“ऑर्डरपरमानं ठिवल्या हुत्या,” सुभेदार म्हणाले. “आडव्या. वर फौजेची लोखंडी ट्रंक. ट्रंकंत पोतंभर ज्वारी. आजून किती वजन पायजे हुतं?”

आता इथं एखाद्या सरळ माणसानं काय केलं असतं? कान धरले असते. मी काय केलं? मी एक रेकॉर्ड उजेडात धरली, एक डोळा मिटला आणि म्हणालो, “सुभेदार, लोखंडाची ट्रंक तापली असणार.” त्या भल्या माणसानं मान हलवली. चूक आपल्या ट्रंकेची, असं समजून ते परत गेले. जाताना मला नमस्कारही केला.

त्या दिवशी मी शिक्का ड्रॉवरच्या मागं टाकून दिला. पण त्याआधी किती कव्हरांवर तो उमटून गेला होता, कोण सांगणार! कुणाला पत्र टाकलं नाही, दुकानात पाटी लावली नाही. उलट इकडून तिकडून वाचून, दोन जाणत्या माणसांना विचारून खरी रीत शिकून घेतली आणि ती अशी सांगायला लागलो, जशी काही पाळण्यातच शिकलो होतो.

खरी रीत अगदी सोपी आहे. रेकॉर्ड उभी ठेवायची, कपाटात वह्या ठेवतो तशी. तिरकी रेलू द्यायची नाही, कोंबायचीही नाही. हात घातला की सहज निघावी एवढी जागा सोडायची. आत कागदाची पिशवी, बाहेर कव्हर. ऊन लागणारी भिंत नको, चुलीची खोली नको, पत्रा नको. एवढंच. यात काय अवघड आहे? पण मी हे सांगायला लागलो की कमीत कमी पाऊण तास जातो.

वाईला एक गुरुजी होते, घाटाजवळ राहायचे. त्यांच्याकडच्या माझ्या दुकानातल्या सगळ्या रेकॉर्डी अगदी कालच आणल्यासारख्या सरळ. मी चकित झालो. विचारलं, “गुरुजी, शिक्क्यावरची सूचना वाचली नव्हती?” ते म्हणाले, “अहो, दुकानदार काय, काहीही छापतात.” थोडक्यात काय, ज्यांनी माझं ऐकलं त्यांची गाणी गेली आणि ज्यांनी मला मोजलंच नाही त्यांची टिकली.

ही गोष्ट मी जन्मभर पोटात ठेवली. आणि मग गंमत झाली. तरण्या पोरांना रेकॉर्डींचं वेड लागलं. पुण्यात नोकरी करणारी ही मुलं सुट्टीला सातारा-सांगलीला आली की आजोबांच्या माळ्यावरून खोकी काढायला लागली. त्यांना कुणीतरी जाणता पाहिजे होता, आणि जाणते बहुतेक वर गेलेले. उरलो मी! लोक मला ‘सर’ म्हणायला लागले. साताऱ्यात एका वाचनालयाच्या सभागृहात माझं व्याख्यान ठेवलं: ‘तबकडी कशी जपावी’. कुसुमनं इस्त्रीचा शर्ट काढून दिला आणि म्हणाली, “आवं, खरं तेवढं सांगा म्हंजे झालं. लवकर संपंल.”

मी काही लवकर संपवलं नाही. उभं ठेवणं, रेलणं, कोंबणं, सगळं झालं. शेवटी आवेशात म्हणालो, “रेकॉर्ड आडवी ठेवून वर वजन ठेवणारा माणूस संगीताचा शत्रू!” टाळ्या पडल्या.

तेव्हा तिसऱ्या रांगेतून एक बाई उठली. तिशीची असेल. नाव मेघना, साताऱ्यात शाळेत शिकवते, असं तिनं सांगितलं. पिशवीतून तिनं एक छोटं, पिवळं पडलेलं कव्हर काढलं, वर धरलं आणि विचारलं, “सर, मग हा शिक्का कुणाचा?”

आणि तिनं तो मोठ्यानं वाचला. तिन्ही ओळी. वर दुकानाचं नावही.

सभागृह एवढं हसलं की पंख्याचा आवाज ऐकू येईना. मी म्हणालो, “त्या काळी शास्त्र थोडं वेगळं होतं.” त्यावर आणखी हसले. पण मेघना हसत नव्हती. कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “तुमची चेष्टा करायला नाही आले, सर. ही माझ्या आजीची रेकॉर्ड आहे. म्हणजे आजीच गायलीय. मला ती वाजवून हवीय.”

तिची आजी आनसाबाई, आटपाडीची. लग्नाआधी ती ओव्या फार छान म्हणायची. माहेरच्या गावातल्या मास्तरांनी खटपट केली, पुण्याच्या एका लहानशा कंपनीनं तिच्या आवाजात एक छोटी रेकॉर्ड काढली. तिच्या वडिलांनी सांगलीला येऊन माझ्या दुकानातून एक प्रत घेतली आणि लेकीच्या लग्नात रुखवतात मांडली. सासरी वाजवायचं मशीन नव्हतं, आणि सुनेनं गाणं म्हणणंही तिथं चालत नव्हतं. पन्नास वर्षांत ती रेकॉर्ड एकदाही वाजली नाही. मध्यंतरी आजीच्या घशाचं ऑपरेशन झालं, गाण्याचा आवाज गेला तो गेलाच.

“घरात कुणालाच खरं वाटत नाही,” मेघना म्हणाली. “माझा चुलतभाऊ सागर परवा तिला तोंडावर म्हणाला, आज्जी, थापा नको मारूस. तेव्हापासून ती रेकॉर्ड उशाशी घेऊन निजते. मी दुरुस्तीला मागितली तर फक्त कव्हर दिलं. म्हणाली, एकदा लोकाचं ऐकलं तवा हे झालं, आता हातातनं सोडनार न्हाई.”

कुठलं चहापान आणि कुठलं काय! मी म्हणालो, “मी येतो आटपाडीला.”

वाकडी रेकॉर्ड सरळ करायची एकच साधी रीत मला माहीत आहे. दोन जाड, सपाट काचांमध्ये ती ठेवायची, तळहाताला कोमट लागेल एवढीच ऊब द्यायची, मग सावलीत आणून वर सारखं वजन ठेवायचं आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. ऊब कमी पडली तर काही होत नाही, जास्त झाली तर आवाजाच्या रेघाच पुसतात. मग ती रेकॉर्ड नसते, नुसती काळी ताटली उरते. दहा वेळा केलं तर सहा वेळा जमतं, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे चार वेळा.

काचा मी दुकानाच्या जुन्या शोकेसच्या काढल्या. पुतण्या ओरडला, त्याची मोबाईलची कव्हरं उघडी पडली. काचा गोधडीत गुंडाळून, सेलवर चालणारं माझं छोटं मशीन खांद्याला अडकवून मी एस.टी.त चढलो. कंडक्टर म्हणाला, “आवं काका, आरसा कुटं न्येताय, सलून टाकताय का आटपाडीत?” विट्याच्या पुढं प्रत्येक खड्ड्याला मी त्या काचा तान्ह्या बाळासारख्या वर उचलत होतो. शेजारची बाई शेवटी वैतागून म्हणाली, “माझ्या मांडीवर द्या अर्ध्या.”

आनसाबाई सोप्यात बसल्या होत्या. बारीक अंग, नाकात नथीचं रिकामं भोक, मांडीवर ओढणीत गुंडाळलेली रेकॉर्ड. माझ्याकडं बघून खरखरत्या आवाजात म्हणाल्या, “तुमीच व्हय शिक्केवाले दुकानदार?”

“मीच,” मी म्हणालो. त्यांनी ओढणी सोडली. रेकॉर्ड पळसाच्या द्रोणासारखी झाली होती. एका अंगाला जास्तच वर आलेली. मी ती डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटला, आणि एकदम ते सुभेदार आठवले. दुसरा डोळाही मिटावासा वाटला.

“हिच्यावर काय ठेवलं होतं?”

“पाटा,” त्या म्हणाल्या. “मसाला वाटायचा. सासूबाई रोज त्येच्यावरच मिरची वाटायच्या. आन वर पत्रा.”

म्हणजे रोज दाब, रोज हिसका आणि वर आटपाडीचा उन्हाळा. रेकॉर्डनं आणखी काय करायचं होतं?

सकाळचं ऊन अंगणात आलं तसं काम सुरू केलं. काच, रेकॉर्ड, काच. मी शेजारी उकिडवा बसून दर दोन मिनिटांनी वरच्या काचेला तळहात लावत होतो. आनसाबाई समोर बसून माझ्या हाताकडं बघत होत्या. ऊब बरोबर आली असं वाटलं तेव्हा उचलून सोप्यात आणलं. आता सारखं वजन पाहिजे. मी पुस्तकं मागितली. सागर आतून स्पर्धा परीक्षेची जाडजूड पुस्तकं घेऊन आला. सहा वर्षं अभ्यास करतोय गडी. पुस्तकं अगदी कोरी होती, त्यामुळं सपाट बसली.

आनसाबाई त्या ढिगाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजी परत आडवीच की! आन वर वजन! आवं दुकानदार, तुमी न्हवं का हेच लिवलं हुतं?”

मेघना तोंड फिरवून हसली. मी म्हणालो, “आजी, ते चुकीचं लिहिलं होतं. मला कळत नव्हतं. आणि कळल्यावरही मी कुणाला सांगितलं नाही. तुमची रेकॉर्ड माझ्यामुळं गेली.”

पन्नास वर्षं हे वाक्य मी कुणापुढं बोललो नव्हतो. सुभेदारांना सांगायला हवं होतं, ते तर आता नाहीत.

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. “मला ठावं हाय. पर तुमी न्हाई घालिवली. सासूबाई ती चुलीत घालाया निघाल्या हुत्या. म्हनल्या, सून काय तमाशातली हाय का? तर मामंजींनी कव्हर बघितलं. जांभळा शिक्का. त्यास्नी वाटलं सरकारी हाय. म्हनलं, हात लावू नगासा, सरकारी कागूद हाय, लिवलंय तसंच ठिवा. म्हनून पाट्याखाली गेली. चुलीत गेली आसती तर आज वाकडी तरी कुटनं गावली आसती?”

घरी परत गेल्यावर कुसुमला मी सांगितलं की माझ्या शिक्क्यामुळं एक रेकॉर्ड वाचली, तर ती म्हणाली, “मग डोक्यावर घिऊन नाचा आता.” म्हणून इथं ते श्रेय मी घेत नाही.

ऊन उतरलं तेव्हा पुस्तकं बाजूला केली, काच उचलली. बरीच बसली होती. आतला भाग सपाट, पण कडेचा वर आलेला भाग काही पूर्ण गेला नव्हता. मी मशीन लावलं, पिन कडेवर टेकवली. पिननं उडी मारली. पुन्हा टेकवली, पुन्हा उडी. खर्र करून घसरली आणि थांबली. अशा वेळी एक गावठी उपाय असतो: पिनेच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं चिकटवायचं. बंद झालेली चार-दोन नाणी माझ्या पाकिटात त्यासाठीच असतात. तेही केलं. कडेवर तरीही नाही. सागर दारात उभा होता, आनसाबाईंनी त्याच्याकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

मी पिन थोडी आत सरकवली. तिथं ती बसली. खरखर झाली आणि मधूनच, अर्ध्या ओळीवर, एक कोवळा, धारदार आवाज बाहेर आला. मी घाईनं पिन उचलली.

“सुरुवात गेलीय, आजी,” मी म्हणालो. “पहिली ओवी कडेला होती. ती नाही वाजणार. दुसरीपासून पुढचं वाजेल. माझ्याकडनं एवढंच.”

त्या मशीनजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, “पयली मला येती की.” आणि मांडीवर हात टेकून, फाटलेल्या आवाजात, अडखळत त्यांनी सुरू केलं:

“माझ्या माह्यराच्या वाटं, बोरी-बाभळीची दाटी,
बंधू चालतो म्होरं, मी गं चालते पाठी...”

दम लागला. सूर कुठंच लागला नव्हता. हात वर करून मला खूण केली, “आता तितनं म्होरं त्या पोरीला म्हनू द्या.”

मी पिन सोडली. अठरा वर्षांच्या आनसाबाईंनी दुसरी ओवी उचलली.

सागर उंबऱ्यावर खाली बसला. “आज्जी,” तो म्हणाला. मेघना रडत होती. माझं म्हणाल तर मी चष्मा पुसत होतो, आटपाडीत धूळ लय. आनसाबाई रडल्या नाहीत. त्या कान देऊन ऐकत होत्या, आणि शेवटी एकच बोलल्या, “तिसऱ्या ओवीला घाई केली पोरीनं.”

निघताना मी त्यांना कापडी पिशवी आणि नवं कव्हर दिलं. आणि अर्थातच ज्ञान. रेकॉर्ड उभी ठेवायची, रेलवायची नाही, चुलीपासून लांब. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मशीन किती दीस ठिवताय?” मी मशीन तिथंच सोडलं आणि काचा घेऊन परत आलो.

महिनाभरानं, सुट्टीला आटपाडीला गेलेल्या मेघनाचा फोन आला. “सर, पिन झिजलीय, आवाज फाटतोय. नवी मिळेल का?”

मी हादरलो. ती पिन बारा-बारा महिने जाते. “अहो, किती वेळा लावता?”

“सकाळी झाडलोट होताना, दुपारी, आणि संध्याकाळी शेजारच्या बायका आल्या की. पहिली ओवी आजी स्वतः म्हणते, मग मशीन. कव्हरमध्ये ती कधी जातच नाही. मी म्हटलं, आजी, नीट ठेव. तर म्हणते, ठिवली की पन्नास वर्सं.”

माझ्या तोंडावर आलं होतं, अशानं रेघा झिजतील, रेकॉर्ड वर्षभरात संपेल, वर नाण्याचं वजन आहे, दिवसातून फार तर एकदा लावा, पुसून लावा. जिभेच्या टोकावर होतं सगळं. कुसुम समोर भाजी निवडत होती. तिनं नुसतं वर बघितलं.

दुसऱ्या दिवशी आटपाडीच्या एस.टी.त कंडक्टरकडं मी दोन पिना दिल्या. पुडीवर काहीही लिहिलं नाही.